घर सोडलं, डिपॉझिट अडकलं: वाचकांचे प्रश्न

मे-जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत, ठाणे-नवी मुंबईत सामान हलवणाऱ्या टेम्पोंची वर्दळ वाढते आणि आमच्याकडे डिपॉझिटच्या पत्रांची. त्यातली निवडक पत्रं थोडक्यात करून, नावं वगळून इथे देत आहोत. आमचं मत आधीच सांगतो. डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे आहेत, मालकाकडे ते ठेवायला दिलेले असतात. त्यातून कापायचं असेल तर कशासाठी आणि किती, हे मालकाने कागदावर दाखवायला हवं. भाडेकरूनेही तो कागद मागायला संकोच करू नये.

प्रश्न: घोडबंदर रोडला कासारवडवलीत २ बीएचकेमध्ये राहतो. भाडं ३२,०००, डिपॉझिट १,२५,०००. करार महिनाअखेरीस संपतोय आणि आम्ही घर सोडतोय. मालक काका स्वभावाने चांगले आहेत, पण म्हणतात, "नवीन भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं देतो." आम्हाला नव्या घराचे पैसे आधी भरायचे आहेत. चावी अडवून ठेवावी का?

चावी अडवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरती घर वापरायला देणाऱ्या कराराची) मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तुमच्या बाबतीत एका महिन्याचे ६४,०००, म्हणजे निम्मं डिपॉझिट तिथेच गेलं. याला एक अपवाद असू शकतो, तो तुमच्या करारनाम्यात शोधा. काही करारांत "ताबा देताच डिपॉझिट परत, न दिल्यास ते मिळेपर्यंत भाडं न देता राहता येईल" असं कलम असतं. तसे शब्द कागदावर असतील तरच ताबा रोखण्याचा विचार करा, तोही वकिलाला करार दाखवून.

"नवीन भाडेकरू आल्यावर" ही अट बहुतेक करारांत नसते. काकांची अडचण मात्र खरी असू शकते. डिपॉझिट बऱ्याचदा घराच्या हप्त्यात किंवा घरखर्चात गेलेलं असतं. म्हणून शेवटच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा आजच लेखी कळवा. व्हॉट्सॲप आणि ई-मेल दोन्हीवर पाठवा: "करारनाम्यानुसार फ्लॅट क्र. ___ दि. ___ रोजी रिकामा करून ताबा देत आहोत. रु. १,२५,००० डिपॉझिट त्याच दिवशी खाली दिलेल्या खात्यात जमा करावं. त्याआधी दि. ___ रोजी घर एकत्र पाहून घेऊ." एवढं पुरे. शेवटचे १५ दिवस शनिवार-रविवारी ठरलेल्या वेळेत घर दाखवू देण्याची तयारी दाखवा, काकांचं कामही सोपं होतं. तरीही पैसे जमत नसतील, तर ताब्याच्या दिवशी निम्मी रक्कम खात्यात आणि उरलेल्याचा ७ ते १० दिवसांनंतरच्या तारखेचा चेक, इथपर्यंत तडजोड करायला हरकत नाही. नुसत्या "देतो"वर मात्र थांबू नका.

एकत्र पाहणी ताब्याच्या ८-१० दिवस आधी करा. सामान निघून गेल्यावर दिसलेला प्रत्येक डाग शेवटच्या दिवशी कापायची रक्कम बनतो. आधी दिसला तर तो तुम्ही स्वतः, स्वस्तात दुरुस्त करू शकता. टीव्हीच्या ब्रॅकेटची भोकं हे नेहमीचं उदाहरण. प्लॅस्टिकची गिट्टी ओढून काढा, भोकात वॉल पुट्टी दोन थरांत भरा (एकाच थरात भरली की वाळून आत बसते), बारीक पॉलिश पेपर मारा आणि मगच रंग. रंग फक्त भोकावर लावला तर ठिपका उठून दिसतो, कारण जुना रंग उडालेला असतो. त्यामुळे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण मारा. शेड नंबर डब्याच्या झाकणावर असतो. मालकाकडे डबा असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या.

बाथरूमच्या नळांवरचे पांढरे डाग काढायला ॲसिड वापरू नका. त्याने नळाचं क्रोमचं पॉलिश जातं, टाइल्सच्या सांध्यातलं ग्राउट खातं, आणि डाग होता तिथे नळच नवा बसवून द्यायची वेळ येते. कापड व्हिनेगरमध्ये भिजवून अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवा आणि धुऊन टाका. चिमणीची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवली की चिकट तेल सुटतं. ही जाळी पाहूनच बरेच मालक "घर नीट ठेवलं नाही" असा ग्रह करून घेतात.

ताबा दिवसाउजेडी द्या, वीज चालू असताना. सामान निघाल्यावर, दाराच्या पाटीपासून सुरू करून, न थांबवता एकच व्हिडिओ काढा. प्रत्येक पंखा, दिवा, गीझर चालू करून दाखवा. सगळे नळ सोडा, फ्लश ओढा, ओट्याखालची पाइपलाइन दाखवा. शेवटी वीज मीटर आणि गॅस मीटरचे आकडे. ज्या फोनवर व्हिडिओ काढला तो आणि त्यातली मूळ फाइल दोन्ही जपा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबली जाऊन बारीक होते आणि पुढे पुरावा म्हणून लागलं तर मूळच उपयोगी पडतं.

मग ताबा पावती. ती दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांनी:

"फ्लॅट क्र. ___ चा रिकामा ताबा आज दि. ___ रोजी ___ वाजता मिळाला. मुख्य दाराच्या ३, बेडरूमच्या २, लेटर बॉक्सची १ चावी आणि पार्किंगचा स्टिकर मिळाला. वीज मीटर ___ युनिट, गॅस मीटर ___. डिपॉझिट रु. १,२५,०००. वजा (तपशिलासह) रु. ___. परत देय रु. ___, दि. ___ पर्यंत."

मालक परगावी असेल तर चावी वॉचमनकडे किंवा एजंटकडे सोडून जाऊ नका. मालकाने "चावी अमुक व्यक्तीला द्या" असा मेसेज केल्यावरच द्या आणि त्या व्यक्तीची सही घ्या. नाहीतर "ताबा मला मिळालाच नाही" या एका वाक्यावर पुढचे महिने जातात.

प्रश्न: नेरूळच्या घरात २ वर्षं ९ महिने राहिलो. ९०,००० पैकी ४४,००० परत आले. पूर्ण घराचा रंग ३८,०००, डीप क्लीनिंग ५,००० आणि बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीचे ३,००० कापले. एका भिंतीवर मुलीने क्रेयॉनने चित्रं काढली होती, ते मान्य. बाकीचं बरोबर आहे का?

आधी करारनामा पाहा. "घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहून त्यावर तुम्ही सही केली असेल, तर ते तुम्ही मान्य केलेलं आहे. तसं काही नसेल आणि नेहमीप्रमाणे "साधारण वापराने होणारी झीज वगळता" असे शब्द असतील, तर पूर्ण घराचा रंग तुमच्या माथी येत नाही. पावणेतीन वर्षांत रंग फिका पडणं, स्विचबोर्डाभोवती काळपट होणं, सोफ्याच्या पाठीची रेघ उमटणं, ही झीज. क्रेयॉन, तेलाचे ओघळ, फुटलेली टाइल, दारावर मारलेले खिळे, हे नुकसान. मालक पुढच्या भाडेकरूला आकर्षक वाटावं म्हणून घर रंगवत असेल, तर तो त्याच्या व्यवसायाचा खर्च आहे.

आता हिशेब. ६०० चौरस फूट कार्पेट धरलं, तर भिंती आणि छत मिळून साधारण साडेतीनपट, म्हणजे २,१०० चौरस फूट रंगवावं लागतं. ३८,००० भागिले २,१००, म्हणजे फुटाला सुमारे १८ रुपये. तुमची ती भिंत १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असेल तर ९५ चौरस फूट, त्याचे होतात १,७१० रुपये. एका भिंतीसाठी रंगारी स्वतंत्र मजुरी लावतो, म्हणून ३,००० मान्य करा, त्याहून जास्त नको.

ओलीच्या बाबतीत डाग कुठे आणि कसा आहे हे पाहावं लागतं. बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा बीमच्या कडेने सुरू होणारा, पावसात गडद होणारा, पोपडे आणि पांढरी भुकटी धरणारा डाग म्हणजे पाणी बाहेरून येतंय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, जमिनीपासून वर चढणारी, बारा महिने दमट राहणारी ओल आतल्या नळजोडणीची. ती मालकाची जबाबदारी. पोपडे नाहीत, नुसते काळे बुरशीचे ठिपके आहेत, तेही कपाटामागे किंवा जिथे पावसाळाभर ओले कपडे वाळत घातले त्या कोपऱ्यात, तर तिथे हवा खेळली नाही. हा तुमच्या वापराचा भाग म्हणता येईल, पण त्याला भिंत फोडायची गरज नसते. ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून पुसलं की जातात. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

पावसाळ्यात ओल दिसली त्या दिवशी मालकाला फोटो पाठवला होता का? असेल तर तो मेसेज शोधून काढा. ३,००० चा प्रश्न तिथेच मिटतो.

डीप क्लीनिंगचं बिल मागा. घर झाडून-पुसून दिलं असेल तर ते पूर्ण तुमच्यावर येत नाही. स्वयंपाकघर तेलकट राहिलं असेल तर निम्मं मान्य करून विषय संपवणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं. म्हणजे कपात रंगाचे ३,००० अधिक सफाईचे २,५००, आणि तुमची लेखी मागणी ४०,५०० ची. मालकाला आकडा असा फोडून दाखवला की बोलणं पुढे सरकतं. "तुम्ही फसवलं" अशी सुरुवात केली तर नंबर ब्लॉक होतो.

प्रश्न: शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं देऊच नये, डिपॉझिटमधून वळतं करून घ्यावं, असं सगळे सांगतात. बरोबर आहे का? (वाचक, मानपाडा)

मालकाची लेखी संमती असेल तर हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग आहे, आणि ज्याच्याकडे परत द्यायला पैसे नाहीत त्या मालकालाही तो परवडतो. संमती नसताना भाडं थांबवलंत तर कराराचा भंग तुमच्याकडून होतो. बहुतेक करारांत तसं भाडं थकलं की मुदतीआधी करार रद्द करण्याचा हक्क मालकाला असतो. वळतं केलंत तर त्या महिन्यांच्याही भाडेपावत्या घ्या, ऑफिसात एचआरएसाठी लागतील.

प्रश्न: मी मालकीण आहे. कोपरखैरणेचा फ्लॅट भाडेकरूने सोडला, डिपॉझिट ६०,०००. विजेचं शेवटचं बिल यायचंय आणि गीझर बंद पडलाय. सगळी रक्कम महिनाभर ठेवून घेतली तर चालेल का? मागच्या भाडेकरूने ११,००० चं बिल थकवून माझ्यावर टाकलं होतं, म्हणून भीती वाटते.

भीती रास्त आहे. वीजजोडणी तुमच्या नावावर असते, त्यामुळे थकबाकीसाठी महावितरण तुम्हालाच विचारतं (कळवा-मुंब्र्यात टोरंट). पण एका बिलासाठी ६०,००० अडवणं बरोबर नाही. गेल्या सहा महिन्यांतलं सर्वांत मोठं बिल घ्या आणि त्याच्या दीडपट रक्कम तेवढी मागे ठेवा. बिल २,४०० असेल तर ३,६००. बाकी ताब्याच्याच दिवशी द्या.

अंदाज त्याच दिवशीही निघतो. मीटरवरच्या आकड्यातून मागच्या बिलातलं चालू रीडिंग वजा करा, म्हणजे वापरलेली युनिट्स. मागच्या बिलाची रक्कम त्याच्या युनिट्सनी भागली की ढोबळ दर. त्यात बदल होतो तो स्लॅबमुळे: युनिट्स वाढली की वरची युनिट्स महाग पडतात. पाइप गॅसचं बिल महानगर गॅसकडून दोन महिन्यांनी येतं, म्हणून तिथेही मीटरचा फोटो हवाच. रीडिंग घेताना लाल आकडे सोडून द्या.

गीझर किती जुना आहे? साधारण आठ वर्षं चालतो असं धरलं आणि सहा वर्षं झाली असतील, तर ९,००० च्या नव्या गीझरमागे भाडेकरूकडून जास्तीत जास्त पाव हिस्सा, २,२५०, तोही वापरातल्या निष्काळजीपणाने बिघडला असेल तरच. कॉइल जळणं हे वयाने होतं, त्याचे पैसे भाडेकरूकडून घेऊ नका. जे कापाल त्याचा फोटो आणि बिल आठवड्याच्या आत त्यांना पाठवा.

प्रश्न: ऐरोलीत ११ महिन्यांचा करार, सहा महिन्यांचा लॉक-इन (तेवढे महिने घर सोडायचं नाही अशी अट). कंपनीने पुण्याला बदली केली म्हणून चौथ्या महिन्याच्या शेवटी, रीतसर नोटीस देऊन घर सोडलं. भाडं २५,०००. मालकाने १,००,००० चं पूर्ण डिपॉझिट जप्त केलं.

लॉक-इन तुम्ही मोडला, त्यामुळे काहीच द्यायचं नाही असं होणार नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगासाठी मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. लॉक-इनचे दोन महिने उरले होते, म्हणजे ५०,००० च्या पलीकडे बोलणंच नाही. घर प्रत्यक्षात किती दिवस रिकामं राहिलं हे शोधा. समजा २० दिवसांत नवा भाडेकरू आला, तर बुडालेलं भाडं १६,६६७ रुपये. नव्या भाडेकरूसाठी मालकाने दलाली दिली असेल तर पावतीप्रमाणे ती धरता येईल.

नवा भाडेकरू कधी आला हे कळायला मालकावर अवलंबून राहावं लागत नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मिळकतीवरून शोध घेता येतो. नवा करार नोंदला असेल तर त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या कराराचा सारांश) दिसते. ती जोडून "१,००,००० वजा प्रत्यक्ष नुकसान" अशी लेखी मागणी करा.

प्रश्न: कळव्यात स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार होता, नोंदणी नाही. ५०,००० डिपॉझिट रोख दिलं. आता मालक म्हणतात, "कसलं डिपॉझिट?"

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ इथे तुमच्या बाजूचं आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हा गैरसमज ठाण्यात फार पसरलेला आहे.

तरी पुरावा गोळा करा. पैसे काढले त्या दिवसाची बँकेची नोंद, एजंट हजर होता तर त्याची साक्ष, यूपीआयने दिलेल्या भाड्याच्या नोंदी. आणि एक साधा मेसेज करा, रक्कम लिहून: "काका, घर सोडताना ५०,००० डिपॉझिट परत द्यायचं ठरलं होतं, कधी देताय?" "बघतो पुढच्या महिन्यात" असं उत्तर आलं तरी ती कबुलीच झाली. हा मेसेज नरम भाषेत, भांडण व्हायच्या आधी करायचा असतो.

प्रश्न: खारघरचं घर सोडून तीन महिने झाले. ८५,००० यायचेत. मालक फोन उचलत नाहीत. पोलिसांनी "हा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवलं. आता कुठे जायचं?

पोलिसांचं म्हणणं या टप्प्यावर चूक नाही. मालक खोटा निघाला, एकाच घरासाठी अनेकांकडून पैसे घेतले, असं असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो. खऱ्या मालकाने डिपॉझिट न देणं हा दिवाणी दावा. महारेराकडेही जाऊ नका, भाड्याच्या डिपॉझिटचे वाद त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

पहिलं पाऊल नोटीस. ती वकिलाचीच हवी असा नियम नाही, पण वकिलाच्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्यात कराराची तारीख व दस्त क्रमांक, डिपॉझिट कसं आणि कधी दिलं, ताबा कधी दिला, मान्य असलेली कपात, उरलेली रक्कम, व्याजाची मागणी आणि १५ दिवसांची मुदत, एवढं हवं. करारातल्या पत्त्यावर आणि मालक सध्या राहतात त्या पत्त्यावर, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने पाठवा. ट्रॅकिंगचा "वितरित" दाखवणारा कागद छापून ठेवा. "पत्ता सापडला नाही" म्हणून परत आलेला लिफाफा न फोडता तसाच ठेवा.

उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. त्याला कोर्ट फी लागत नाही. ते समोरच्याला बोलावतात, समेट झाला तर लोकअदालतीचा निवाडा होतो, तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो आणि त्यावर अपील नाही. अर्जदार महिला असेल तर उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ८५,००० सारख्या रकमेसाठी हा मार्ग आधी वापरावा असं आमचं ठाम मत आहे. पण समोरचा आलाच नाही तर तिथे सक्ती नाही, हेही जाणून जा.

कुठल्या जिल्ह्यात जायचं यात नवी मुंबईकर हमखास चुकतात. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, तिथलं न्यायालय सीबीडी बेलापूरला. खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात, म्हणजे तुम्हाला पनवेलचं न्यायालय. ठाणे शहराचं कोर्ट नाक्यावर.

शेवटचा मार्ग दिवाणी दावा. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट (संक्षिप्त प्रक्रियेचा दावा) करता येतो. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते, आपोआप मिळत नाही. डिपॉझिट देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करा. तीन महिने हा काही उशीर नव्हे, पण "पुढच्या दिवाळीत देतो" अशा दोन दिवाळ्या सहज जातात.

प्रश्न: मालकाने पुढच्या तारखेचा ७०,००० चा चेक दिला, तो "अपुरा निधी" म्हणून परत आला. (वाचक, वागळे इस्टेट)

तुमची बाजू इतर वाचकांपेक्षा भक्कम आहे, फक्त तारखा चुकवू नका. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरलेला हवा. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी नोटीस पाठवायची. मालकाला ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला. नाही दिले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं न्यायालय. चेक "तेवढा पुन्हा टाकून बघ" म्हणत मालक वेळ काढतात. तीन महिन्यांच्या आत पुन्हा टाकता येतो, पण ३० दिवसांची नोटीस कुठल्या मेमोपासून मोजायची ते वहीत लिहून ठेवा. मूळ चेक आणि मेमो मालकाच्या हातात देऊ नका, पैसे खात्यात येईपर्यंत.

प्रश्न: आम्ही राहत असतानाच मालकाने फ्लॅट विकला. नवे मालक म्हणतात डिपॉझिट जुन्यांकडे मागा, जुने म्हणतात नव्यांकडे.

सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे जागा हस्तांतरित झाली की नवा मालक आधीच्या लायसन्सला बांधील नसतो. पैसे ज्याने घेतले त्याच्याकडे, म्हणजे जुन्या मालकाकडे मागा. डिपॉझिट नव्या मालकाकडे वळतं केल्याचं तिघांच्या सहीचं पत्र किंवा खरेदीखतात तसा उल्लेख असेल तरच नव्याकडे. अजून तिथे राहत असाल तर आजच तिघांचं पत्र करून घ्या किंवा नव्या मालकाशी नवा करार नोंदवा.

प्रश्न: सोसायटीने घर सोडताना "मूव्ह-आउट"चे २,००० आणि गेल्या वर्षाचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मागितले. मालक म्हणतात दोन्ही डिपॉझिटमधून कापतो. (वाचक, माजिवडा)

नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस हे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी सभासदाकडून घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाहीत. ते देणं मालकाचं, करारात तुमच्यावर स्पष्ट टाकलेलं नसेल तर कापू देऊ नका. २,००० साठी सोसायटीच्या ऑफिसात सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवायला सांगा आणि भरावेच लागले तर पावती स्वतःच्या नावावर घ्या. टेम्पो गेटवर अडवून रोख मागितलेले पैसे पावतीशिवाय देऊ नका. त्यासाठी सामान हलवण्याची तारीख आणि वेळ सोसायटीला निदान आठवडाभर आधी मालकाच्या ई-मेलने कळवलेली असावी.